उठबस

जेलरोडच्या समाजमंदिरात, पत्र्याखाली,
फिजिओथेरपी शिकणारी पोरगी
मोबाइलवर घड्याळ लावून म्हणते,
हात छातीशी. आधार घ्यायचा नाही.
उठा, बसा. तीस सेकंद.

जानेवारी. नाशिकरोडला तोंडातून वाफ येते.
खुर्ची मांडवातली, पाठीवर 'धात्रक डेकोरेटर्स'.
मी उठते.
गुडघा आधी बोलतो, मग मी.

नोटप्रेसमध्ये एकतीस वर्षं मोजत होते.
शंभराची थप्पी अंगठ्याखालून फडफडत जायची,
एक कमी असली तर बोटाला आधी कळायचं,
डोळ्याला नंतर.
भोंगा झाला की झडती देऊन घरी.
एवढा पैसा हाताखालून गेला
आणि आज माझ्या नावावर निघाले
सात.

सिंधू अरिंगळे, एकाहत्तर, सात,
पोरीनं वहीत लिहिलं.
मी म्हटलं, परत मोज.

त्या सातासाठी रोज जाते, असं घरी सांगते.
घरी माझ्या हातातून सगळं काढून घेतात,
बादली, पिशवी, कुकरचं झाकण.
राहू द्या आई, तुम्ही बसा.
मी बसते. तिथे कुणी मोजत नाही.
इथे मंगळवारी सतरंजी मी घालते,
आणि वाकडी पडली
तर ताजनपुरे मास्तर बोल लावतात.

देवळालीहून बसनं येणाऱ्या फिलोमिनाबाई
एका पायावर उभ्या राहतात, डोळे मिटून.
आम्ही भोवती हात पुढे करून,
न लावता.
दहा होईपर्यंत कुणी श्वास घेत नाही.

मग कोठुळे चार दिवस आले नाहीत.
फोनवर म्हणाले, बरा आहे,
लिफ्ट बंद आहे.
पाचव्या दिवशी आम्हीच निघालो, सहाजण.
तीन मजले. चोपन्न पायऱ्या.
दुसऱ्या मजल्यावर एका सूनबाईनं
आमची धाप ऐकून खुर्ची बाहेर आणली.
मास्तर म्हणाले, बसायचं तर हात छातीशी!
हसण्यात उरलेला दमही गेला.

कोठुळ्यांनी दार उघडलं, बनियनवर,
दाढी वाढलेली.
कशाला आलात एवढं वर?
उत्तर द्यायला कुणाकडे श्वास नव्हता.

घरात खुर्च्या दोन.
एक उठे, दुसरा बसे.
तू बस, नाही, तू बस,
गॅसवर पाणी उकळेपर्यंत हेच चाललं.
किती झाल्या, कुणी मोजलं नाही.
मीसुद्धा.

चहाला दूध नव्हतं.
कोठुळे शर्ट चढवून, पिशवी घेऊन
जिन्याकडे निघाले.
कठड्याला एक हात.
मागे मास्तर आणि फिलोमिनाबाई,
हात पुढे करून, न लावता.

मी दारात उभी राहून कान दिला.
एका ठिकाणी पाऊल थांबलं.
बराच वेळ थांबलं.
मग पुन्हा.

चोपन्न.
बरोबर भरली.