सतरा उजवे

साल्मियात बाहेर एकोणपन्नास.
पार्किंगमधलं डांबर चपलेला धरून ठेवतं.
आत, शीतपेटीत, चार अंशांवर
ध्रुवाकडच्या समुद्राचा चिखल निजलाय
नळ्यांत, शेंदरी झाकणांखाली.
आम्ही त्याच्याजवळून पाय न वाजवता जातो,
लांबून आलेल्या, दमलेल्या पाहुण्याजवळून जावं तसे.

माझं काम मोजायचं.
काळा ट्रे, पंचेचाळीस चौकोन,
तीन शून्यांचा कुंचला.
टोक ओलं करायचं. पाण्यात, असा नियम.
जिभेवर, असं सगळेच करतात.
टोकाला एक कण चिकटतो. कण म्हणजे घर.
त्यात आठ-नऊ खण,
प्रत्येक आधीच्याहून थोडा मोठा,
आधीच्याला पाठ न दाखवता वळत गेलेला.

खण म्हटलं की देवगडचं घर.
इथल्या दर करारागणिक एक वाढवला:
पहिल्या दोन वर्षांची न्हाणी,
मग चिऱ्याची पडवी,
मग वरची खोली, खाडीकडे खिडकी असलेली.
तिच्यात मी अजून एकही रात्र काढलेली नाही.
भावाने आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचल्यात छतापर्यंत.
हा जीव बरा,
राहतो तरी आपल्या सगळ्या खणांत एकदम.

डॉक्टर बुथैना सांगते, तीनशे मोज. दोनशे नव्याण्णव नको.
कुंजुमोन चाळणी धुतो आणि शीळ घालतो.
आमच्या किनाऱ्यावरचे मी झोपेतही ओळखेन:
समुद्राचं गोडं पाणी करून उरलेलं
गरम खारट पाणी जिथे परत सोडतात
त्या तोंडाशी राहणारे,
कुबड आलेले, दोघं एकमेकांत चिकटलेले,
शेवटचा खण भलत्याच बाजूला काढलेले.
त्यांची सवय झालीय.
घरातल्या विचित्र काकांची होते तशी.

पण हे थंडीतले वेगळे. हे डावे.
जगले तोवर वर तरंगले,
मेल्यावर तळाला, गाळावर गाळ.
थंडीतला डावीकडे वळतो, पिढ्यान्‌पिढ्या डावीकडे.
उजवीकडे वळणारा त्याचा भाऊबंद उबेतला.
त्याला त्या पाण्यात कोणी बोलावलं नव्हतं.

खालच्या थरात, दोनशे वर्षांपूर्वीच्या, उजवे: दोन.
मधल्यात पाच.
अगदी वरच्या बोटभर चिखलात सतरा.
उठले, पाणी प्याले, पुन्हा मोजले.
सतरा.

शुक्रवारी आईचा फोन.
"थंय समुद्र आसा मां गो? शंख गावतत?
उजवो गावलो तर घेवन ये.
आबांका जलमभर गावलो नाय."
आबा ओहोटीला पुळणीवर वाकून चालायचे,
प्रत्येक शंख उचलून तोंड कुठे ते बघायचे
आणि परत ठेवायचे, फेकायचे नाहीत.
मी म्हटलं, गावले. सतरा.
ती इतकी हरखली
की पुढचं माझ्याच्याने बोलवेना:
की सगळे मिळून करंगळीच्या नखावर मावतात,
की फुंकता येत नाहीत,
की हा उजवा दिसू नये म्हणूनच
इथे तिघं माणसं
श्वास रोखून भिंगाला डोळा लावतात.
विचारलं, पुळण कशी आहे.
म्हणाली, सुरूच्या मुळांत पाणी येता आता, भरतीक.
पण तू शंख जपून हाड. कपड्यात गुंडाळ.

आज बाहेर धूळ उठलीय, समोरची इमारत नाही.
सतरांना डिंकाचा थेंब लावून
चौकोनांत बसवलंय, तोंडं वर.
एक अजून बाजूला आहे.
त्याचं तोंड गाळाने बुजलंय,
डावा की उजवा, ठरत नाही.
बुथैना दोनदा येऊन काही न विचारता गेली.
मी कुंचला ओला करते.
जिभेवर.
खारट लागतो.