चावी

ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदकही मिळाला.
चहा गार व्हायच्या आत आमची ग्रामपंचायत
ठाण्याच्या आणि खाडीपलीकडच्या पालिकांसोबत
एकाच मोठ्या नळात सामील झाली.
हाशा केणी दाराशी उभा,
चार फुटी चावी भिंतीला टेकवून.

तेवीस वर्षं तो व्हॉल्व्हवर चावी रोवायचा,
चावीला कान लावायचा
आणि सांगायचा : उल्हास निघाली,
पुलापर्यंत आली, हंडे लावा.
कमी आलं की बाया त्याच्याच नावानं शंख करायच्या.
रात्री दोनलाही दार वाजायचं.

आता दाब पुरतो. खरंच पुरतो.
वरच्या आळीत, जिथं कधी थेंब चढला नाही,
तिथं शेवंताकाकूची टाकी भरून वाहते.
बिलावर एक नंबर छापलेला असतो,
तो व्यस्त असतो.

काल पाणी आलं नाही.
कोणी कोणावर ओरडलं नाही.
पहाटे हाशा चौकात दिसला,
सिमेंटनं बुजवलेल्या खड्ड्यावर चावी टेकवून,
कान लावून.
भोवती बाया, रिकामे हंडे कडेवर,
तो काय म्हणतो
याची वाट बघत गप्प.