टक्क्यानंतरचं अक्षर

दुपारी सक्करदऱ्याच्या लॅबमधून फोन.
काउंटरवरच्या वनमाला भोयर:
"मॅडम, तारखेच्या रकान्यात
कोनाची तरी शुगर येऊन राह्यली."

फोटो पाठवला त्यांनी. चौदा मे,
आणि वर्षाच्या जागी
सुखदेव शेंडे, उपाशीपोटी, ३१२.

परसोडीच्या ऑफिसात एसी नुसता घरघरत होता.
मी कोड उघडला. माझाच, चार वर्षांपूर्वीचा.
टक्का डी, टक्का बी, टक्का वाय:
मधल्या दोन मोकळ्या जागा धरून आठ अक्षरं,
आणि मी घरं बांधली होती आठच.
शेवटच्या शून्यालाही घर लागतं.
शून्य मैलाच्या गावात राहून
मी शून्य मोजायला विसरले.

वाय गळाला. टक्का उरला एकटा,
हात पसरून.
आणि माझं फंक्शन काय करतं,
तर टक्का दिसला की एक पाऊल पुढे,
मिळेल ते उचल, आणखी एक पाऊल.
उचललं ते शून्य होतं.
इथे थांब, असं सांगणारं एकच अक्षर,
तेच तुडवून ते पुढच्याच्या अंगणात शिरलं,
आणि वाचत सुटलं.

बाबा आरएमएसमध्ये होते, रात्रपाळीला.
स्टेशनालगतच्या हॉलमध्ये उभ्यानं पत्रं निवडायचे.
पिनकोडाचे पाचच आकडे असलेलं पाकीट आलं
की मी विचारायची, मग सहावा?
"सहावा नाही," ते म्हणायचे.
"शेजारच्या पाकिटावरचा उचलून लावायचा नसतो.
त्याचा खण वेगळा."

दोन ओळी लिहिल्या.
टक्क्यानंतर अक्षर आहे का, ते आधी बघ.
नसेल तर टक्काच छाप, आणि थांब.
घरंही वाढवली, पण ते नंतर;
घरं कधीतरी पुन्हा कमी पडतीलच.

सहाला वनमालाबाईंचा फोन: "आता बरोबर हाय.
पन त्या शेंडेंले सांगायचं का काही?"
मी म्हटलं, विचारून सांगते.
कोणाला विचारणार होते, कोण जाणे.

वर्धा रोडच्या सिग्नलला उभी होते.
शेजारच्या स्कूटरवर एक म्हातारे गृहस्थ,
पायात सँडल, टाचेला पट्टी.
मी मान वळवली.

वापरून झालेली मेमरी मोकळी करावी,
असं मी नव्या पोरांना शिकवते.
३१२ अजून तिथेच आहे.