एकाची जागा

सांगली–तासगाव, सकाळची सव्वाआठची.
कवलापुरातच गाडी गच्च,
तिथं चढायची ती, मलावीची थोको,
फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाची.
माणसांच्या डोक्यांवरून पास धरायची माझ्यापुढं.

मराठी तिची सगळी या गाडीतली :
सरका की मागं. सुट्टे न्हाईत. ओ, पाय, पाय!
पहिला महिनाभर धक्का लागला की
सॉरी म्हणायची, ज्याला त्याला.
किती जणांना म्हणणार?
सोडलं मग.

एकदा कुमठ्याच्या बाईनं
न विचारता पोर ठेवलं तिच्या मांडीवर
आणि पाठ फिरवून भांडत बसली कुणाशी तरी.
पोरानं तिची एक बारीक वेणी तोंडात धरली,
तशीच झोपलं.
तासगावपर्यंत थोको हलली नाही.
उतरताना खांद्यावर लाळेचा डाग.
तो तिनं पुसला नाही, मी बघत होते.

दिवाळीत कॉलेज बंद, तरी चढली.
गाडी रिकामी. खिडक्या सगळ्या तिच्याच.
तर आली, माझ्याच बाकावर टेकली,
अंग चोरून, बॅग मांडीवर,
पलीकडं एकाची जागा सोडून.

"बस की नीट," म्हटलं.
"येईल कुणीतरी," म्हणाली.

मी घंटी मारली.
कुमठ्याच्या फाट्यावर ड्रायव्हरनं
उगीचच गाडी जरा जास्त थांबवली.