तिसऱ्या रांगेतला भालेकरी

दुपारचा खेळ. चीनमधली जुनी लढाई, हिंदीत डब केलेली.
पडद्यावर बाणांनी आभाळ झाकलेलं
आणि शेजारी दस्तगीरचाचा शिकलगार
शेंगा फोडत मोजतायत :
‘ह्ये पाच हजार. पल्याडचं धा तरी हुतील.
जेवाण कुणी घाटलं असंल रं एवढ्यास्नी?’

चाचांनी तीस वर्षं तलवारी पुरवल्या
कोल्हापुरातल्या ऐतिहासिक सिनेमांना.
पत्र्याच्या, वरनं चंदेरी रंग.
पन्हाळ्याच्या उतारावर माणसं साठ.
टेकडीला वळसा घालून
पुन्हा तीच साठ, पागोटी बदलून,
मोगल म्हणून.
तालमीतला एक गडी एका दुपारीत
स्वतःच्याच हातून मेला, असं ते सांगतात.

मी विचारलं, कळतंय का चाचा,
कुठला राजा, कुणाचा सेनापती, फितूर कोण?
‘फितूर वळकू येतोय की.
च्या सावकाश पितोय.’

मला ओढत होती ती लाल झग्यांची रांग,
एका क्षणी गुडघे टेकणारी,
ढोल, आणि ढोलानंतरची शांतता,
जिच्यात निशाणाचं कापड तेवढं वाजतं.
आपल्या लढायांत मला बाजू असते,
मान ताठ ठेवून बसावं लागतं.
इथं कुणीच माझं नव्हतं.
दोन्हीकडच्यांसाठी
एकाच रुमालात रडता येत होतं.

तेवढ्यात तो दिसला.
तिसऱ्या रांगेत, अगदी कडेला,
लोखंडी टोप मापाला मोठा, डोळ्यांवर येणारा.
सगळे धावले,
हा अर्धं पाऊल मागं,
एका हातात भाला, एका हातानं टोप सावरत.
चाचांची थाप माझ्या मांडीवर :
‘बघितलास? नवा हाय त्यो! पयलाच दिस!’

पुढं सेनापती पडला, राणीनं विष घेतलं,
नगर तीन बाजूंनी जळलं.
चाचा वाकून
प्रेतांच्या ढिगात
त्यालाच शोधत राहिले.

दिवेलागणीला गंगावेशीत
म्हशीची धार थेट पेल्यात.
मिशीला फेस तसाच ठेवून चाचा गप्प.
‘मेलेला काय दिसला न्हाई गा.’
‘कोण?’
‘टोपवाला.’
दुधाचे पैसे मी दिले.
निम्मा रस्ता चालून झाल्यावर,
स्वतःशीच :
‘पंगतीत असंल.
तितं पयल्या रांगंत.’