शंभर टक्के सुती

तेल नको, अत्तर नको, टेरिकॉट तर नकोच.
आत निव्वळ प्राणवायू; ठिणगीला निमित्त पुरतं.
मी गाऊन दिला, तसा बोद्दूलमामांनी
काठ चिमटीत धरून खिडकीशी नेला.
"सुती म्हणताय? भेसळ आहे की ओ यात, सिस्टर."
एक दोरा ओढून फाटकाबाहेर काडीनं जाळला.
वितळून मणी झाला त्याचा.
दुसऱ्या दिवसापासून ते आपलं धोतर घेऊन येतात.

चाळीस वर्षं पॉवरलूम. राहणार साखर पेठ.
(डॉक्टर या पत्त्यावर हसले, एकटेच.)
उजव्या टाचेला जखम, रुपयाएवढी,
दिवाळीपासून उघडी.

काचेच्या नळकांड्यात त्यांना सरकवते,
दार आवळते, काटा चढवते.
एक पूर्णांक दोन. कान?
एक पूर्णांक आठ. आवंढा गिळा मामा, जांभई द्या.
दोन पूर्णांक चार.
बाहेर त्रेचाळीस अंशांतलं सोलापूर,
आत चौदा मीटर खोल पाणी,
थेंबभर पाण्याशिवाय.

मी त्यांना सांगितलं होतं, मला शिकवलं तसं:
तांबड्या पेशींची झोळी आधीच भरलेली असते, मामा,
म्हणून दाब द्यायचा,
की वायू रक्तातल्या नुसत्या पाण्यातच विरघळतो
आणि पेशी अडतात त्या बोळांतूनही
टाचेपर्यंत झिरपतो.
"म्हणजे सुताला खळ," ते म्हणाले.
"दाबल्याबिगर पीळ पीत नाही."
पुढच्या पेशंटना मी आता तसंच सांगते.

दाबाखाली साखरही घसरते.
यंत्रात आकडा कमी दिसला की
आधी दोन बिस्किटं, मग दार.
त्यांना बिस्किटं आवडतात. आकडा कमी यावा म्हणून
सकाळी उपाशी येतात असा मला संशय आहे.

सत्ताविसाव्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर
त्यांना धुरकट दिसायला लागलं.
पण टॉवेल डोळ्यांशी धरला,
आणि चष्म्याविना
इंचातले उभे दोरे मोजले, मग आडवे,
मग परत उभे, खात्री करायला.
मी काही बोलले नाही.
डोळ्यातलं भिंग बदलतं या दाबानं,
हे फॉर्मवर बारीक अक्षरात आहे,
आणि दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतं, हेही.

सांगावं तर लागलंच.
ऐकून ते जरा वेळ टाचेकडे बघत राहिले,
जखम आता पावलीएवढी.
"उद्या सुई आणतो," म्हणाले.
सुई आत नेता येत नाही, मामा.
"आत कशाला? बाकावर बसतो की.
तुमच्या त्या भेसळीच्या गाऊनची बाही उसवलीय."