घमेलं

लाविनोचा आवाज आला पहाटे:
आधी नुसता वारा, मग धाप,
मग "मेस्ता", आणि परत धाप.
चार हजार आठशे मीटर, म्हणाला, समुद्रापासून.
जसा काही समुद्र मी दुकानात ठेवलाय
मोजून द्यायला.

केरीच्या नाक्यावर माझं दुकान,
एक पंप, दोन स्टँड, लोंबणारे टायर
आणि पाण्याचं घमेलं.
या घमेल्यापाशी बसून तो नववी नापास झाला,
मग दहावीही.
ट्यूब बुडवायची, दाबायची, वाट बघायची,
बुडबुडा दिसला की बोट ठेवायचं.
दुसरं काही माझ्याकडे शिकवायला नव्हतं.

बोटीवरची नोकरी सोडून तो आता चिलीत
जर्मन लोकांना डोंगर उतरवतो सायकलवरून.
फोटोत काळी वाळू, पलीकडे तांबडी,
मागे सुळका, त्यावर धुराचा धागा.
झाड एक नाही.
गवतही रागावून एकेकटं बसल्यासारखं.
बाहेर हवाच कमी आहे मेस्ता,
आत किती भरू?

मला काय ठाऊक.
चोर्ल्याच्या वर मी कधी सायकल नेलेली नाही.

आयतवारी शटर ओढलं.
पर्वरीचा एक पोर वर्षामागे टाकून गेला होता
जाड टायरांची सायकल, शॉकमधून तेल गाळणारी,
ती बाहेर काढली, तेल पुसलं.
अंजुण्याच्या धरणापर्यंत बरा होतो.
तिसऱ्या वळणावर उतरलो,
पाचव्यावर पुन्हा,
पुढे मोजणं सोडलं.
बेळगावहून कोबी घेऊन येणाऱ्या ट्रकातला पोर
ओरडला काहीतरी कानडीत.
चांगलंच असेल, हसत होता.
अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांना
मी आईमाईवरून बोललो,
त्यांनी ऐकून घेतलं.

सुर्ल्याच्या फाट्याला डांबर सोडलं.
पायवाट, करवंदीची जाळी, गव्यांचं ताजं शेण,
आणि मग कडा, काळा,
कुणी पाण्याने आत्ताच धुतल्यासारखा.
टेकलो.
पाठीला काहीतरी टोचलं, वळून पाहिलं तर
दगडाला भोकं.
वाटाण्याएवढी, बोराएवढी, शेकड्यांनी.
काहींत पांढरं भरलेलं,
जुनं सोल्युशन सुकून बसतं तसं.

वनखात्यातला पुंडलो मळीक म्हणाला होता एकदा,
चेन बसवून घेताना,
की हा सगळा वरचा डोंगर लाव्हा होता,
साडेसहा कोटी वर्षांमागचा.
आतून वायू सुटत होता
आणि सुटता सुटताच दगड थिजला.
मी हूं म्हटलं होतं,
तीस रुपये घेतले होते.

आता बोट ठेवलं एका भोकावर.
सवयच ती.
दाबून धरलं, कान लावून बसलो.
खाली केरी नव्हती, ढग होता नुसता.
वाऱ्याने घाम सुकला, थंडी वाजायला लागली,
तरी बोट काढवेना.

उतरताना कान बंद झाले,
घोट गिळला तेव्हा फटकन उघडले.
मागचा ब्रेक जळका वास मारत होता.
दगडांवरून पुढचं चाक स्वतःच्या मर्जीने चाललं
आणि मी ते जाऊ दिलं,
तीन-चार ठिकाणी तर ओरडलोसुद्धा,
शब्द नव्हता कुठला.
एका ठिकाणी पडलो. कोपर. असो.

रात्री लाविनोला सांगितलं:
पुढे कमी ठेव, मागे जरा जास्त.
दगड हाताला कळेल इतकी.
वाजेल इतकी नको.
आणि आपलाही एक आहे रे,
विझलेला, सुर्ल्याला.
माझा आवाज मीच परत लावून ऐकला.
निम्मी धाप होती.

त्याचं उत्तर अजून नाही.
सोमवारी पदेराचं मागचं चाक आलं.
पावांची पाटी कट्ट्यावर ठेवून तो उभा, घाईत.
ट्यूब बुडवली, दाबली.
पाणी हललं आणि स्थिर झालं.
"दिसलं?" म्हणाला.
थांब, म्हटलं.